स्टेशन स्ट्रीटवर गाड्या बंद

बॅरिंगलमध्ये माणसं दोनच गोष्टींवरून एकमेकांशी बोलणं टाकतात, फुटबॉल आणि पार्किंग. फुटबॉलचं निदान सप्टेंबरात मिटतं. स्टेशन स्ट्रीटवर गाड्या येऊ द्यायच्या की नाहीत हे भांडण मात्र गेल्या वसंतात पेटलं ते हिवाळा आला तरी धुमसतंच आहे, आणि त्यात सगळ्यांत जास्त नाव माझं झालं. खरं तर मी कुठल्याच बाजूची नव्हते. पण हे आता मी कुणाला सांगत नाही, कारण कोणी ऐकत नाही.

सुरुवात कौन्सिलने केली. रेल्वे स्टेशनपासून लायब्ररीपर्यंतचा रस्ता 'प्रयोग म्हणून' गाड्यांना बंद. दोन्ही टोकांना हौदाएवढ्या लाकडी कुंड्या आणून ठेवल्या, त्यांत गवत लावलं आणि कुंड्यांच्या मधल्या फटींतून लाल-पांढरी पट्टी ताणली. आतल्या डांबरावर पिवळे-निळे गोल रंगवले, टेबलं मांडली. निम्मं गाव खूश झालं. उरलेल्या निम्म्याने कुंपणांवर 'आमचा रस्ता परत द्या' असे फलक ठोकले. जन्मभर एकमेकांना लिंबं आणि अंडी देणारे शेजारी बेकरीच्या रांगेत ओळख दाखवेनात. एका सकाळी तर कोणीतरी पिकअपला साखळी बांधून एक कुंडी ओढत नेली आणि लायब्ररीच्या दारात नेऊन ठेवली. त्यावर महिनाभर चर्चा झाली. तेवढ्यात कुंडीतलं गवत मेलं, कारण पाणी घालायचं कोणी हा प्रश्न कोणत्याच बाजूला पडला नाही.

आमचं घर बेकरीमागच्या बोळात. बोळाला तोंड एकच, आणि ते स्टेशन स्ट्रीटवर उघडतं. घरात आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा क्लॅरी.

क्लॅरी सुतार. या गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांची कपाटं त्याच्या हातची आहेत. टेकडीवरची नवी वस्ती उभी राहिली तेव्हा तिथल्या घरांचे सांगाडे त्याने आणि त्याच्या माणसांनी उभे केले. आता त्याला साल विचारलं तर सांगता येत नाही. मी बायको आहे हे बहुतेक दिवशी ठाऊक असतं, काही दिवशी मी त्याची बहीण असते. पण कुणाच्याही घरात शिरला की दाराकडे बघून बिजागरी ढिली झालीय म्हणतो, आणि ती झालेली असतेच.

कुंड्या यायच्या आधी एकदा तो बेकरीसमोर सरळ काँक्रीटच्या ट्रकपुढे उतरला. ट्रक कसा थांबला देव जाणे. ड्रायव्हर खाली उतरला आणि फुटपाथवर बसून रडायला लागला. क्लॅरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ब्रेक बघून घे हां, मित्रा." त्या दिवसापासून मी पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात बांधली. सुताराला नुसत्या कडीने अडवता येत नाही.

मग तो दारापाशी उभा राहायचा. "ग्लेनिस, मला कामाला उशीर होतोय." पहिल्या दिवसांत मी समजूत काढायची. पुढे पुढे नुसतं हूं म्हणायची. एक दिवस इतकी ओरडले की माझाच आवाज मला ओळखू येईना, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मैत्रिणींनी पत्त्यांना बोलवायचं सोडलं. बिचाऱ्याला कोंडून ठेवलंय, असं बायका आपसांत म्हणायच्या. कोंडलं होतंच. पण कुलपाच्या आतल्या बाजूला दोन माणसं होती, एवढं काही कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

कुंड्या आल्या आणि दोनतीन दिवसांतच, मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना, क्लॅरी कसा कोण जाणे बाजूच्या फाटकातून सटकला. मी ओली उशीची खोळ हातात घेऊनच धावले. रस्त्यावर गाडी नव्हती, माणसं निवांत चालत होती, आणि तो पार लायब्ररीच्या टोकाला, त्या लाल-पांढऱ्या पट्टीपुढे उभा. मला वाटलं आता ओलांडणार. पट्टीकडे त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मान डोलावली, आणि सरळ मागे वळला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर बांधकामावर काढलेला माणूस तो. तिथे अशी पट्टी बांधली की पलीकडे पाऊल टाकायचं नाही, मग मालक असो की मजूर. पट्टीच्या आत काम चालू असतं. त्याला पोलिसाचं, डॉक्टरचं, माझं काही पटलं नसतं, पण पट्टीचं पटलं. दोन्ही टोकांच्या मधला रस्ता म्हणजे त्याची साईट झाली.

वळला तो तिथून थेट नेव्हच्या दुकानात शिरला.

नेव्ह माझा धाकटा भाऊ. स्टेशन स्ट्रीटच्या मधोमध त्याचं हार्डवेअरचं दुकान, आमच्या वडिलांपासूनचं. क्लॅरीची आणि त्याची दोस्ती आमच्या लग्नाहून जुनी, माझी ओळख व्हायच्या आधीपासून क्लॅरी दुकानात येत होता. नेव्हने त्याला पाहिलं, काही विचारलं नाही. कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं, चहाचा मग हातात दिला आणि समोर एक ट्रे ठेवला. स्क्रू, वॉशर, नट, खिळे, सगळं एकत्र झालेलं.

"क्लॅरी, जरा वेगवेगळं करून दे की. माझ्याने होत नाही."

"तुझ्याने कधी काय झालंय," क्लॅरी म्हणाला आणि कामाला लागला.

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. दहाच्या चहाला क्लॅरी निघायचा, एकटा, खिशात हात घालून, शीळ घालत. बेकरीवाली तुयेत काचेतून हात करायची. कॉफीवाली पोरं "काय मालक, आज काम कुठपर्यंत?" म्हणायची. ट्रेमधलं सगळं आपापल्या डब्यांत घालून झालं की जेवायला घरी. आणि मी कुलूप उघडं ठेवून स्वयंपाकघरात बसायची. चहा गरम असताना प्यायची. किती वर्षांनी, ते आठवायचाही मी प्रयत्न केला नाही. एकदा केस कापून आले. एकदा नुसतीच आंघोळीच्या टबात पाणी गार होईपर्यंत पडून राहिले. मला कोणी हाक मारत नव्हतं, याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

पण याच रस्त्याने नेव्हचा जीव जात होता, आणि मला ते दिसत होतं. कॉफीच्या दुकानाला चालत येणारी माणसं लागतात. हार्डवेअरला लागतो ट्रेलर. सिमेंटची गोणी खांद्यावर टाकून कोणी ट्रेनने घरी जात नाही. गवंडी, प्लंबर, कुंपणं घालणारे सगळे भल्या सकाळी पिकअप दारात लावून दोन मिनिटांत माल उचलणारे. ते आता हमरस्त्यावरच्या त्या अवाढव्य दुकानात जायला लागले होते. शनिवारी नेव्हच्या दारात अग्निशमन दलाची पोरं निधी जमवायला सॉसेज भाजायची, पावात कांदा घालून विकायची. तीही हळूहळू तिकडे गेली. ती नसलेल्या पहिल्या शनिवारी नेव्ह दारात उभा होता आणि समोर बायका योगासनं करत होत्या.

कौन्सिलची अखेरच्या निर्णयाची सभा जवळ आली तशी नेव्हने मला दुकान बंद करायच्या वेळेला बोलावून घेतलं. आत गेले तेव्हा तो काउंटरमागे वाकला होता. क्लॅरीने सकाळी निवडून ठेवलेले डबे एकेक करून तो पुन्हा ट्रेमध्ये ओतत होता आणि हाताने कालवत होता.

"रोज करतोस हे?" मी विचारलं.

"नाहीतर उद्या काय करेल तो?" मला बघून तो जरा ओशाळला. "बस. तुला एक सांगायचंय. हार्टिगनला भेटलो होतो."

हार्टिगन म्हणजे आमच्या वॉर्डचा म्हातारा नगरसेवक. भला माणूस, दोन्ही बाजूंचं ऐकून दोन्ही बाजूंना हो म्हणणारा.

"तो उपसूचना मांडतोय," नेव्ह म्हणाला. "रस्ता बंदच राहील. फक्त सकाळी दहापर्यंत मालाच्या गाड्या आत. दहा वाजले की पट्टी लावायची. माझे लोक तसेही सकाळीच येतात, मला तेवढं पुरतं. क्लॅरी निघतो दहाला. तुझं काही बिघडत नाही."

"दहापर्यंत मी कुलूप ठेवेन की. मग अडचण कसली?"

"अडचण काही नाही. मतं जमतायत. ती सायकलवाली पोरगीसुद्धा नाक मुरडत हो म्हणालीय. म्हणून म्हणतो, तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय?"

"अगं, तुला ओळखतो मी. आईच्या अंत्यविधीला तू पाद्र्याशी भांडली होतीस."

"तो तिचं नाव चुकला होता, नेव्ह."

"चुकला होता. पण बोलू नकोस. तोंडाला कुलूप."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

सायकलवाली पोरगी म्हणजे इमोजेन, नवी नगरसेविका. ती दुसऱ्याच दिवशी आमच्या फाटकाला सायकल टेकवून आत आली. गोड बोलते, त्रास तिथेच आहे.

"मिसेस पॅस्को, तुम्ही सभेत बोलायलाच हवं. तुमची गोष्ट लोकांच्या काळजाला भिडेल."

"गोष्ट नाही ती, माझा नवरा आहे."

"तेच तर. ते एकटे चालतात, हे आकडे सांगू शकत नाहीत."

"मग आकड्यांनाच चालू दे. मी बोलणार नाही."

ती हिरमुसली. जाताना क्लॅरीने तिची सायकल हातात धरून चाक फिरवून पाहिलं आणि स्पोक ढिला आहे म्हणून सांगितलं.

सभेला सभागृह गच्च भरलं होतं. क्लॅरीला तुयेतकडे बसवून मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसले. नियम महापौरबाईंनी सुरुवातीलाच वाचून दाखवला. गावकऱ्यांपैकी ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं, आणि एका माणसाला एकदाच. घंटा वाजली की खाली बसायचं.

नेव्ह बोलला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. "मला रस्ता परत नको," तो म्हणाला. "मला सकाळ परत द्या, दहापर्यंत. बाकी दिवस तुमचा." लोकांनी माना डोलावल्या. हार्टिगनने उपसूचना मांडली, ती आमच्या समोरच्या पडद्यावर आली. झालं होतं काम. मी पर्समधून घरची किल्ली काढून हातात घेतली होती, निघायच्या तयारीत.

तेवढ्यात ट्रॉय उठला. पोहण्याच्या तलावांचं सामान विकतो, गळ्यात जाड साखळी, आवाज मैदानावरचा. त्याला दहापर्यंत नको होतं, अख्खा रस्ता हवा होता. तो धंद्यावर बोलला, पार्किंगवर बोलला, आणि मग म्हणाला, "सगळ्यांना माहितेय हे कुणासाठी चाललंय ते. एक म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून अख्ख्या गावाने पायी चालायचं? अशा माणसांना सांभाळणारी चांगली होम्स आहेत. टाका तिकडे, आणि रस्ता मोकळा करा."

काही लोक हसले. फार नाही, पण हसले. मी नेव्हकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. नंतर कळलं की तो ट्रॉयला खाली ओढायला उठत होता आणि शेजारच्याने त्याचा दंड धरून ठेवला होता. मला मागून तेवढं दिसलं नाही.

मी उभी राहिले. असं कोणी म्हटलं तर आजही उभी राहीन, त्यात मला काही लपवायचं नाही.

"मी क्लॅरी पॅस्कोची बायको," मी म्हटलं. "ट्रॉय, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातली कपाटं त्याने केलीत. वरच्या कपाटांना हात पोचायला पायरीसुद्धा, तुझी आई बुटकी म्हणून. पैसे सांगितले त्यापेक्षा कमी घेतले. तो भ्रमिष्ट आहे, खरंय. मी त्याला कुलपात ठेवत होते, तेही खरंय. माझ्या घरात ये, दार आतून बघ. त्याच्या नखांनी रंग गेलाय. आता त्या रस्त्यावर एकही गाडी नाही म्हणून माझा माणूस खिशात हात घालून चालतो. शीळ घालतो. तुम्हाला तो म्हातारा चालताना दिसतो. मला मोकळं सुटलेलं माणूस दिसतं. दोन माणसं दिसतात. त्याला होममध्ये टाकायचं असेल तर तू ये न्यायला, ट्रॉय. मी दार उघडते."

मला अजून एक वाक्य बोलायचं होतं. खरं तर तेच बोलायचं होतं. नेव्हचं बरोबर आहे, दहापर्यंत गाड्या येऊ देत, आमचं काही बिघडत नाही. मी श्वास घ्यायला थांबले आणि घंटा वाजली.

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. ट्रॉयच्या रांगेतलेसुद्धा उभे राहिले. मी हात वर केला. "थांबा, माझं अजून—"

"मिसेस पॅस्को, वेळ संपली," महापौरबाई डोळे टिपत म्हणाल्या. "आणि तुम्ही जे बोललात त्यानंतर आणखी काही बोलायची गरज आहे असं मला वाटत नाही."

"पण मला नेव्हबद्दल बोलायचंय."

"एका व्यक्तीला एकदाच. सगळ्यांना सारखा नियम."

हार्टिगन उठला. भला माणूस. त्याचा आवाज भरून आला होता. "हे ऐकल्यावर," तो म्हणाला, "त्या रस्त्यावर एकही गाडी आत सोडायला माझा हात वर होणार नाही. मी माझी उपसूचना मागे घेतो."

मी बसायलाच तयार नव्हते. पुढे जायला निघाले तर लोक हात हातात घेऊन थोपवायला लागले, कोणी मिठी मारली, कोणी म्हटलं रडू नका. मी रडत नव्हते. मला वाट हवी होती. तोवर मूळ ठराव मताला टाकला गेला. पास झाला. रस्ता कायमचा बंद, दिवसरात्र, सगळ्या गाड्यांना.

बाहेर नेव्ह खांबाला टेकून उभा होता.

"छान बोललीस," तो म्हणाला.

"मी तुझंच सांगणार होते. शेवटी सांगणार होते."

"ठाऊक आहे मला."

"मग तू का नाही उठलास?"

"मी आधी बोलून बसलो होतो ना. एकदाच." त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "चल, क्लॅरीला घेऊन येऊ."

दुसऱ्या दिवसापासून मी कौन्सिलच्या पायऱ्या झिजवल्या. खिडकीतली बाई म्हणाली, ठराव झाला, आता दोन वर्षांनी फेरविचार. हार्टिगन म्हणाला, तुमचा मोठेपणा आहे हा, भावासाठी स्वतःचं सुख सोडताय, पण आम्ही तुम्हाला ते सोडू देणार नाही. त्याला कसं समजवावं हेच मला कळेना. इमोजेनकडे गेले. तिने मला हर्बल चहा दिला.

"आता एक तास जरी उघडला तरी ट्रॉयची माणसं अख्खा रस्ता मागतील," ती म्हणाली. "आणि लोकांना तुमचं भाषण पाठ झालंय, मिसेस पॅस्को. तुमच्याच शब्दाविरुद्ध आम्ही कसं मत देणार?"

"शब्द माझे आहेत. मी परत घेते."

ती हसली. मी गंमत करतेय असं तिला वाटलं. वर म्हणाली, बेकरीसमोर क्लॅरीच्या नावाचा बाक ठेवायचं चाललंय. मी म्हटलं, बाक ठेवलात तर मी त्यावर करवत चालवीन. त्यावर ती आणखीच हसली.

ईस्टर झाला आणि नेव्हने दुकान आवरायला घेतलं. माझ्याशी अबोला धरला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मलाही दोन घालता आल्या असत्या. तसलं काही त्याने केलं नाही. शेवटच्या दिवशी तो ट्रे आणि डबे घेऊन आमच्या घरी आला. "इथे करेल की तो," म्हणाला. स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडून दिलं.

क्लॅरीने हातसुद्धा लावला नाही. "हे नेव्हच्या दुकानातलं आहे," तो म्हणाला. "इथे कशाला आणलंस? चोरी केलीस की काय, ग्लेनिस?"

दुसऱ्या दिवशी दहाला तो नेहमीसारखा निघाला. मी जाऊ दिलं. रस्ता मोकळा होता, पट्टी जागेवर होती, मला वाटलं दुकान बंद बघून परत येईल. मी खिडकीशी बसून राहिले. जेवायची वेळ झाली तरी आला नाही.

तुयेतने नंतर सांगितलं ते असं. तो दुकानापर्यंत गेला. शटर खाली, पाटी उतरवलेली, दारातल्या शिड्या गेलेल्या, फुटपाथ झाडून काढलेला. त्याने शटर हाताने चाचपलं, चारी बाजूंनी बघितलं आणि समाधानाने मान हलवली. माल उचलला, पाट्या काढल्या, झाडलोट झाली, म्हणजे काम पुरं झालं. काम पुरं झालं की पट्टी काढायची आणि साईट सोडायची, हा त्याच्या धंद्यातला नियमच. तो लायब्ररीच्या टोकाला गेला, पट्टी सोडली, नीट गुंडाळून कुंडीवर ठेवली, आणि निघाला. लोकांनी पाहिलं. कोणाला काही वाटलं नाही, इतक्या आत्मविश्वासाने तो ते करत होता.

तो हमरस्त्यावर सापडला, दुभाजकावर. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि तो मधोमध उभा राहून नेव्हच्या पिकअपची वाट बघत होता, कारण पूर्वी साईट संपली की नेव्ह त्याला घरी सोडायचा. पोलिसाने आणून दिलं तेव्हा मी पोलिसाला धन्यवादसुद्धा म्हटलं नाही.

पट्टीवरचा त्याचा विश्वास तिथेच संपला. आता ती बांधलेली दिसली की तो सोडायला जातो. काम झालंय, म्हणतो, कोणी निष्काळजीपणे ठेवलीय ही. मी दाराला पुन्हा कुलूप घातलं. बाहेर रस्ता आहे तसाच आहे, सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पोरं सायकली चालवतात. नेव्हच्या दुकानात आता कॉफीचं तिसरं दुकान येणार आहे. अनोळखी बायका बेकरीत माझा हात दाबतात, तुमच्यामुळे झालं म्हणतात, आणि क्लॅरी एकटे फिरताना दिसत नाहीत हल्ली, असं विचारतात. त्यांना थंडीचं कारण सांगते.

हमरस्त्याचं प्रकरण झाल्याच्या दुसऱ्या सकाळी दार वाजलं. नेव्ह. "चल रे, क्लॅरी," तो म्हणाला, "चहाची वेळ झाली." त्याने त्याचा दंड आपल्या दंडात अडकवला आणि घेऊन गेला. तेव्हापासून रोज येतो. पाऊस असो, वारा असो. दोघं रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. बंद शटरपुढे क्लॅरी थांबतो.

"दुकान का बंद?"

"आज रविवार आहे, क्लॅरी."

"अच्छा," क्लॅरी म्हणतो. "उद्या उघडशील ना?"

"उद्या उघडतो."

हे मी एकदाच ऐकलं, त्यांच्या मागून दूध आणायला जात होते तेव्हा. पुन्हा त्यांच्या मागे गेले नाही. तो तास मला परत मिळालाय, नेव्ह मला रोज आणून देतो, आणि मी तो टेबलापाशी हात मांडीवर ठेवून काढते. चहा करते, समोर गार होतो. भावाने एकदा तरी तोंड वाकडं करावं म्हणून वाट बघते. तो दारात येतो तेव्हा बूट पुसूनच आत येतो.

काल मला सहन झालं नाही. दार उघडलं आणि त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.

"नेव्ह, उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यावर का भार? मी बघेन काहीतरी. कोणी बाई मिळते का बघेन."

तो बोळाच्या तोंडाकडे, रस्त्याच्या दिशेने बघत राहिला. मग माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी त्याचे पाय धरले असते.

"मग सकाळी उठून मी कुठे जाऊ, ग्लेनिस?"

मी बाजूला झाले. आतून क्लॅरीचा कोट आणला आणि नेव्हच्या हातात दिला.